राणी हातात असताना शंभर का लावायचे?

दिवाळीत आमच्याकडे तीन पत्ती मांडली की कुणीतरी हमखास म्हणतं, "पत्त्यांत काय आहे, छाती पाहिजे." पोकरबद्दलही हाच समज आहे, की बेधडक पैसे लावून समोरच्याला घाबरवणारा जिंकतो. मला तो मनापासून खटकतो. किती लावायचं आणि थाप कितीदा मारायची, म्हणजे पान पडकं असतानाही कितीदा पैसे लावायचे, याचं एक गणित आहे, फार देखणं, आणि ते शाळेतल्या अपूर्णांकांत मावतं.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मधली पाच सगळ्यांची, आणि पैसे लावायच्या फेऱ्या चार. 'नो-लिमिट' म्हणजे आपल्यापुढचे सगळे पैसे कधीही लावता येतात. आपल्याला मात्र तीनच पत्ते पुरेत.

तुमच्याकडे राजा आहे, हे दोघांनाही माहीत आहे. माझ्याकडे एक्का किंवा राणी, शक्यता निम्मी-निम्मी, आणि कोणतं ते मलाच ठाऊक. पॉटमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या मधल्या रकमेत, १०० रुपये आहेत. पैसे मी लावायचे. तुम्ही तेवढेच भरून पान बघायचं, म्हणजे कॉल करायचा, नाहीतर पान टाकून पॉट सोडायचा. मी फक्त एक्क्यावरच लावत राहिलो तर तुम्हाला ते कळेल आणि तुम्ही दर वेळी पान टाकाल. मला सरासरी ५० मिळतील.

आता मी राणीवरही अधूनमधून १०० लावतो. तुम्ही १०० भरलेत की पॉट ३०० होतो, म्हणजे तीनांतून एकदा जिंकलात तरी तुमची बरोबरी झाली. म्हणून मी दोन एक्क्यांमागे एक थाप मारतो, म्हणजे राणी आली की निम्म्या वेळा. चार डाव मोजू: दोन एक्क्यांचे, एक थापेचा, एक राणी न लावता सोडलेली. तुम्ही दर वेळी पान टाकलंत तर मला ३०० मिळतात. दर वेळी भरलेत तर एक्के २००-२०० देतात, थाप १०० घालवते, पुन्हा ३००. डावामागे ७५, तुम्ही काहीही करा! पानं तीच, तरी २५ रुपये वाढले.

रक्कम बदलली की थापेचं प्रमाणही बदलतं. ५० लावले तर चार वेळा लावण्यात एक थाप बसते आणि सरासरी सुमारे ६७ येते. २०० लावले तर पाचांत दोन थापा, सरासरी सुमारे ८३. हजार लावले तर ९५ च्या वर. रक्कम वाढली की थापाही जास्त खपतात, आणि नो-लिमिट खेळाची सगळी धार इथे आहे.

१९४४ साली गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी खेळांच्या गणितावरच्या आपल्या ग्रंथात पोकर आणि थापेसाठी स्वतंत्र विभाग लिहिला. थाप हा स्वभावाचा भाग नसून गणिताची गरज आहे, आणि ती मधल्या पानांवर न मारता सर्वांत पडक्या पानांवर मारायची, हे त्यांच्या प्रतिमानातून निघालं. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रणालीनं पिट्सबर्गच्या कसिनोत २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. ती कधीकधी पॉटच्या कितीतरी पट पैसे लावायची.

पण लास व्हेगासच्या एक-दोन डॉलरच्या टेबलावर लिब्राटससारखं खेळू नये. १०० लावले असता तुम्ही बरोबर निम्म्या वेळा भरायला हवं. तेवढ्यानं माझी थाप ना नफा ना तोट्याची होते. लहान रकमेच्या टेबलावर मात्र लोक पान बघायच्या उत्सुकतेनंच भरतात. समजा, तुम्ही ८० टक्के वेळा भरता. मग माझी प्रत्येक थाप सरासरी ६० रुपये बुडवते, आणि प्रत्येक एक्का १८० मिळवतो. एकही थाप न मारता माझी सरासरी ९० येते, ७५ पेक्षा जास्त. तिथं आक्रमक खेळणं म्हणजे चांगल्या पानावर भरपूर लावणं.

यातलं काहीही 'खुर्ची लाभते' किंवा 'हात गरम आहे' यावर अवलंबून नाही. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. पोकर शिकून घरबसल्या कमवा, असं सांगणाऱ्या जाहिरातीही तितक्याच पोकळ आहेत: कसिनो दर पॉटमधून आपला वाटा काढतं, आणि भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे.

राहिलं ते ८० टक्के. समोरचा दहांत आठदा भरला, एवढ्यावर त्याला भोळा ठरवलं तर? खरोखर निम्म्या वेळा भरणाराही दहांत आठ किंवा अधिक वेळा भरण्याची शक्यता ५६/१०२४ आहे, म्हणजे साधारण अठरांत एक. विसांत सोळा वेळा भरला तर तीच शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. पण एकाच माणसासमोर शेवटच्या फेरीत असा प्रसंग वीस वेळा यायला कित्येक रात्री त्याच्यासोबत बसावं लागतं.