झामरकोटड्याचा दगड आणि आपली हाडे

राजस्थानात उदयपूरच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवर झामरकोटडा ही खाण आहे. १९६८ मध्ये तेथे फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे संयुग, असलेल्या खडकाचा मोठा साठा सापडला आणि तेव्हापासून देशातील खत उद्योगाला लागणाऱ्या कच्च्या मालाचा महत्त्वाचा वाटा ही खाण पुरवत आली आहे. तेथील डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाच्या उघड्या भिंतीकडे नीट पाहिले, तर काही सेंटीमीटर जाडीचे, एकमेकांना खेटून उभे असलेले करड्या रंगाचे स्तंभ दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. सुमारे १७० ते २०० कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांच्या चिकट चटया थरावर थर चढवत वाढल्या आणि त्यांचे हे स्तंभ झाले. भूवैज्ञानिकांना त्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली. फॉस्फेट मुख्यतः स्तंभांच्या आत एकवटलेले आहे आणि दोन स्तंभांमधल्या जागेत मात्र डोलोमाइटच भरलेला आहे. जेथे जीव होते तेथे फॉस्फेट साचले, आणि जेथे नव्हते तेथे साचले नाही, असे या खडकावर जणू लिहूनच ठेवले आहे.

हे फॉस्फेट ज्या खनिजाच्या रूपात साचले, त्याचे नाव ॲपेटाइट. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दातांत आणि हाडांत त्याच कुळातले खनिज आहे. एकच खनिज डोंगरात, समुद्राच्या तळाशी आणि प्राण्यांच्या सांगाड्यात कसे तयार होते, आणि एका ठिकाणी ते सहज विरघळावे तर दुसऱ्या ठिकाणी मुळीच विरघळू नये असे का वाटते, हे समजून घ्यायचे तर आधी त्याची घडण पाहायला हवी.

ॲपेटाइट हे नाव १७८६ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ आब्राहाम गोटलोब वेर्नर यांनी दिले. फसवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे, कारण हिरवे, निळे, जांभळे, पिवळे अशा अनेक रंगांत सापडणारे हे षटकोनी स्फटिक वैदूर्य किंवा तुरमळी समजून चुकीने गोळा केले जात असत. दिसायला रत्नासारखे असले तरी त्याचा दागिना टिकत नाही. खनिजांची कठिनता मोजण्याच्या मोह्स यांच्या मापनश्रेणीत त्याचा क्रमांक ५ आहे, म्हणजे चांगल्या पोलादी सुरीने त्यावर ओरखडा उठतो. घनता पाण्याच्या साधारण ३.२ पट.

त्याची खरी ओळख मात्र आतल्या रचनेत आहे. पाच कॅल्शियम आणि तीन फॉस्फेट यांच्या जोडीला एक फ्लोरिन, क्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी), असे त्याचे साधे सूत्र आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची मांडणी अशी असते की स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने सरळ, अरुंद मार्ग तयार होतात आणि त्या मार्गात फ्लोरिन, क्लोरिन किंवा हायड्रॉक्सिल यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एकामागे एक बसतात. ही रचना १९३० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. मार्गात कोण बसले यावरून खनिजाचे फ्लोरॲपेटाइट, क्लोरॲपेटाइट आणि हायड्रॉक्सिॲपेटाइट असे प्रकार ठरतात. एवढ्यावरच हे थांबत नाही. कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम, सोडियम, थोडे युरेनियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये शिरू शकतात, आणि फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट. परक्यांना इतक्या सहजतेने सामावून घेणारी खनिजे थोडी आहेत. माझ्या मते ॲपेटाइटचे जवळजवळ सगळे गुण आणि सगळे त्रास याच एका स्वभावातून निघतात.

शिलारसातून थंड होत घडणाऱ्या बहुतेक खडकांत ॲपेटाइट थोड्या प्रमाणात असतेच. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टातही सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बारीक सुया दिसतात. क्वचित ते मोठ्या प्रमाणावर एकत्र येते. रशियाच्या कोला द्वीपकल्पावरील खिबिनी पर्वतात असे प्रचंड साठे आहेत. जगातील बहुतेक फॉस्फेट मात्र शिलारसातून आलेले नाही, ते समुद्राच्या तळाशी घडले आहे, आणि ती हकिकत अधिक गुंतागुंतीची आहे.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि फ्लोराइड पुरेसे आहे. केवळ रासायनिक हिशोबाने पाहिले, तर अनेक ठिकाणी ॲपेटाइट आपोआप खाली बसायला हवे. तसे होत नाही, कारण पाण्यातील मॅग्नेशियम त्याच्या स्फटिकांची सुरुवातच होऊ देत नाही. हा अडथळा ओलांडण्यासाठी फॉस्फेट एका जागी खूप साचावे लागते. पेरू, चिली आणि नामिबिया यांच्या किनाऱ्यांजवळ खोल समुद्रातील थंड, पोषणद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, तेथे सूक्ष्म वनस्पतींची बेसुमार वाढ होते आणि त्यांचे मृत अवशेष तळाशी साचत जातात. ते कुजताना मोकळे झालेले फॉस्फेट चिखलातील पाण्यात अडकून राहते. लोहाच्या ऑक्साइडचे कणही फॉस्फेट चिकटवून घेऊन खाली आणतात आणि प्राणवायू संपला की ते सोडून देतात. असे होत होत तळाच्या पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटरवर फॉस्फेटचे प्रमाण इतके वाढते की कार्बोनेटयुक्त फ्लोरॲपेटाइटचे कण तयार होऊ लागतात.

नामिबियाच्या चिखलात या कामात एक थोर मदतनीस सापडला आहे. १९९९ मध्ये वर्णन झालेला थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस हा जिवाणू पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो. परिस्थिती अनुकूल असताना तो फॉस्फेट साखळीच्या रूपात आपल्या पेशीत साठवतो आणि प्राणवायू नाहीसा झाला की ते बाहेर सोडतो. जेथे हे जिवाणू दाटीने राहतात, तेथे चिखलातील फॉस्फेट एकदम वाढते आणि ॲपेटाइट घडते. हे वाचताना मला झामरकोटड्याचे स्तंभ आठवल्याशिवाय राहत नाहीत. दोन्ही ठिकाणचे जीव वेगळे, काळ वेगळा, तरी खनिज घडवण्यात सूक्ष्मजीवांचा हात दोन्हीकडे दिसतो. मोरोक्कोतील खाणीही समुद्राच्या तळाशी घडलेल्या अशाच थरांत आहेत आणि मोरोक्को व पश्चिम सहारा मिळून जगातील ज्ञात साठ्यांपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास साठे तेथेच आहेत. भारताला मात्र आपल्या गरजेचे बहुतांश फॉस्फेट आयात करावे लागते.

आता सांगाड्याकडे वळू. हाडाच्या वजनापैकी सुमारे ६५ टक्के भाग खनिजाचा असतो आणि दाताच्या इनॅमलमध्ये हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते. हाडातील स्फटिक खडकातल्यासारखे टपोरे नसतात. कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांमध्ये बसलेले ते चपटे तुकडे असतात आणि त्यांची जाडी काही नॅनोमीटरच असते. त्यांच्या रचनेत फॉस्फेटच्या अनेक जागी कार्बोनेट शिरलेले असते, त्यामुळे स्फटिक लहान, वेडेवाकडे आणि दोषयुक्त राहतात. याला निसर्गाची ढिलाई म्हणणे चूक ठरेल. दोषयुक्त स्फटिक अधिक सहज विरघळतो आणि हाडाला तसा तो हवाच असतो. शरीरातील सुमारे ८५ टक्के फॉस्फरस आणि ९९ टक्के कॅल्शियम सांगाड्यात साठवलेले असते आणि रक्ताला गरज पडेल तेव्हा ते काढता यावे लागते. हाड खाणाऱ्या विशिष्ट पेशी पृष्ठभागाला चिकटतात, बंद केलेल्या छोट्याशा जागेत आम्ल सोडतात आणि खनिज विरघळवतात. मागून दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. प्रौढ माणसाचा बहुतेक सांगाडा साधारण १० वर्षांत असा बदलून जातो.

आम्लाने ॲपेटाइट विरघळते याचे कारण सरळ आहे. आम्लातील हायड्रोजन आयन फॉस्फेटला आणि हायड्रॉक्सिलला पकडतात, त्यांना मूळ रूपात राहू देत नाहीत आणि स्फटिकाचा तोल सुटतो. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, तेव्हा दातावर हेच घडते. सामू (पीएच, आम्लता मोजण्याचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते. जेवणानंतर सामू पुन्हा वर आला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट काही अंशी ते भरूनही काढतात. हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसले तर हीच मर्यादा सुमारे ४.५ पर्यंत उतरते, म्हणून दंतमंजनात अल्प फ्लोराइड घालतात. त्या अरुंद मार्गात फ्लोराइडचा आयन हायड्रॉक्सिलपेक्षा नेमका बसतो आणि स्फटिक घट्ट होतो.

हाच घट्टपणा हाडांना मात्र घातक ठरतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड एका लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असेल आणि ते वर्षानुवर्षे पोटात जात असेल, तर दातांवर डाग पडतात. प्रमाण आणखी जास्त असेल तर हाडे दाट पण ठिसूळ होतात, स्नायुबंध कडक होतात, पाठ वाकत नाही. विदर्भातील यवतमाळ आणि चंद्रपूर, मराठवाड्यातील नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांना भूजलातील फ्लोराइडचा हा त्रास ठाऊक आहे. तेथील खडकांतून पाण्यात उतरलेले फ्लोराइड माणसांच्या सांगाड्यात जागा घेते. या गावांत बोअरचे पाणी तपासून सुरक्षित पाण्याची सोय करणे याला पर्याय नाही, आणि त्यात होणारी दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

शेतीत प्रश्न उलटा होतो. खडकातील फ्लोरॲपेटाइट इतके कमी विरघळते की त्याची नुसती भुकटी टाकून बहुतेक पिकांना काही मिळत नाही. १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉझ यांनी हाडे व फॉस्फेटचा दगड गंधकाम्लात मुरवून विरघळणारे सुपरफॉस्फेट तयार करण्याचे पेटंट घेतले. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यामागे आजही तीच रीत आहे. म्हणजे कोट्यवधी वर्षांनी घट्ट झालेला दगड कारखान्यात पुन्हा सैल करायचा, हेच काम.

पण सैल केलेले स्फुरद, म्हणजे खतातला फॉस्फरस, जमिनीत सैल राहत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा साडेसातच्या वर असतो आणि कॅल्शियम मुबलक असते. त्यामुळे दिलेले स्फुरद कॅल्शियमशी जखडले जाते आणि हळूहळू कमी विरघळणाऱ्या रूपांकडे, अखेर ॲपेटाइटकडे सरकते. पहिल्या हंगामात पिकाला त्यातला साधारण १५ ते २० टक्केच भाग मिळतो. कोकणातील जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत गणित वेगळे असते. तेथे दगडाची भुकटी थोडी विरघळू शकते, पण सुटलेले स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम अडकवून ठेवतात. म्हणून एका जिल्ह्यात उपयोगी पडलेला सल्ला दुसऱ्या जिल्ह्यात जसाच्या तसा चालत नाही.

बियाण्याला चोळण्यासाठी जे स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिळतात, ते मुळांभोवती ग्लुकॉनिक, सायट्रिक यांसारखी आम्ले सोडतात. ती आम्ले कॅल्शियमला पकडतात, भोवतीचा सामू थोडा खाली आणतात आणि जखडलेले फॉस्फेट मोकळे करतात. हाड खाणारी पेशी ज्या युक्तीने आपल्या सांगाड्यातून कॅल्शियम काढते आणि तोंडातील जिवाणू ज्या युक्तीने दाताला खड्डा पाडतो, तीच युक्ती येथे ज्वारी-तुरीच्या मुळाशी, मातीच्या कणांमध्ये चाललेली असते.