दुहेरी जोडणी, पण लूप नाही : सर्व्हर आणि स्विच यांच्यामधल्या जाळ्याची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जात असे. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे या भागांत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबल, हाकेच्या अंतरावरच्या बँका व शेअर बाजार आणि एमआयडीसीची जमीन ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. या इमारतींतील प्रत्येक महत्त्वाच्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात आणि निदान दोन नेटवर्क पोर्ट वापरात असतात. विजेच्या बाबतीत दोन मार्गांचे महत्त्व इथल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील उच्चदाब वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला, हे अनेकांच्या स्मरणात आहे.

मात्र विजेचे दोन मार्ग आणि नेटवर्कचे दोन मार्ग यांच्यात मूलभूत फरक आहे. विजेचे दोन पुरवठे सर्व्हरच्या पाठीपर्यंत वेगळे ठेवता येतात, त्यांनी मध्येच एकमेकांना भेटण्याची गरज नसते. नेटवर्कचे दोन मार्ग मात्र वर कुठेतरी एकत्र यावेच लागतात, कारण सर्व्हरचा पत्ता एकच असतो आणि तो दोन्ही बाजूंनी सापडला पाहिजे. दोन मार्ग जिथे एकत्र येतात तिथे वर्तुळ पूर्ण होण्याची शक्यता निर्माण होते, आणि इथरनेटला, म्हणजे संगणक केबलने जोडण्याच्या रूढ पद्धतीला, असे वर्तुळ (लूप) सहन होत नाही. गेल्या चाळीस वर्षांतले या विषयावरचे बहुतेक संशोधन हे वर्तुळ नेमके कुठे आणि कोणी तोडायचे, या एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे.

वर्तुळ घातक ठरते ते इथरनेटच्या जन्मकाळच्या रचनेमुळे. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ही कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली, तेव्हा सर्व संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. मार्ग एकच असल्यामुळे फेऱ्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आयपी पॅकेटमध्ये जसा प्रत्येक राउटरवर कमी होत जाणारा आयुष्याचा आकडा असतो, तसा आकडा इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे माहितीच्या पाकिटाला, देण्यात आला नाही. परिणामी लूपमध्ये सापडलेली ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम आपोआप कधीच मरत नाही. प्रत्येक स्विच, म्हणजे केबल एकत्र आणून फ्रेम पुढे पाठवणारे यंत्र, तिच्या नव्या प्रती बाकीच्या पोर्टवर सोडत राहतो, एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) क्षणात या पोर्टवर तर क्षणात त्या पोर्टवर दिसू लागतो, आणि काही सेकंदांत सगळी क्षमता या निरर्थक वाहतुकीने भरून जाते.

ऐंशीच्या दशकात अनेक केबल एकमेकींना जोडणारे ब्रिज, म्हणजे आजच्या स्विचचे पूर्वज, आले तेव्हा ही अडचण उघड झाली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीची पद्धत प्रसिद्ध केली. सगळे ब्रिज आपापसांत छोटे संदेश पाठवून एकाला मूळ म्हणून निवडतात, प्रत्येक जण त्या मुळापर्यंतचा सर्वांत स्वस्त मार्ग खुला ठेवतो आणि उरलेले अनावश्यक पोर्ट बंद करतो. जाळ्यात केबल कितीही असल्या तरी वाहतुकीसाठी उरतो तो फांद्यांचा वृक्ष, ज्यात वर्तुळ असूच शकत नाही. १९९० मध्ये आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ८०२.१डी या मानकात ही पद्धत स्वीकारली. कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय, एकमेकांची पूर्वओळख नसलेल्या यंत्रांकडून इतका शिस्तबद्ध निर्णय घडवून आणणारी ही रचना मला आजही असामान्य वाटते, आणि तिची हेटाळणी करण्याची अलीकडची पद्धत अन्यायाची वाटते.

तिच्या मर्यादा मात्र खऱ्या होत्या. मूळ मानकातील ठरलेल्या वेळा पाहिल्या तर मुळाकडून आलेली शेवटची बातमी जुनी झाली असे मानायला २० सेकंद आणि नंतरच्या ऐकण्याच्या व शिकण्याच्या अवस्थांना प्रत्येकी १५ सेकंद लागत, म्हणजे एक मार्ग तुटल्यावर दुसरा सुरू व्हायला ३० ते ५० सेकंद जात. शिवाय पैसे देऊन टाकलेल्या केबलपैकी काही कायम निष्क्रिय राहत. २००१ मधील ८०२.१डब्ल्यू या सुधारित मानकाने शेजारी स्विचना थेट संमती घेऊन पोर्ट लगेच उघडण्याची मुभा दिली आणि प्रतीक्षेचा प्रश्न बराचसा सोडवला. दुसरा प्रश्न तसाच राहिला. जाळे वाढत गेले तर काय होते, याचे उदाहरण नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात दिसले. वर्षानुवर्षे एकमेकांना जोडत गेलेल्या स्विचचे अंतर स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेले, जाळे कोसळले आणि रुग्णालयाला काही दिवस कागदावर कामकाज चालवावे लागले.

सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. दोन कार्डे असलेला सर्व्हर स्वतः लूप करत नाही, कारण एका कार्डावर आलेली फ्रेम तो दुसऱ्यावर पुढे ढकलत नाही. लिनक्समधील बाँडिंगची (अनेक कार्डे एकत्र बांधण्याच्या सोयीची) सक्रिय-राखीव पद्धत म्हणूनच साध्यात साध्या स्विचवरही सुरक्षितपणे चालते. एक पोर्ट बोलतो, दुसरा वाट पाहतो आणि पहिला गेला की त्याची जागा घेतो. मात्र राखीव पोर्टने तोच पत्ता घेऊन दुसऱ्या स्विचवर उभे राहायचे असेल, तर एकच व्हीलॅन (जाळ्याचा आभासी वेगळा विभाग) दोन्ही स्विचपर्यंत पोहोचलेले असावे लागते. दोन स्विच एकमेकांना आणि वरच्या दोन मोठ्या स्विचना जोडले की वर्तुळ तयार झालेच. लूपची जबाबदारी सर्व्हरवरून वरच्या थरावर सरकली, एवढाच याचा अर्थ.

त्यावर काही रचनाकारांनी भौतिक आकारच बदलण्याचा मार्ग घेतला. एका प्रकारात रॅकवरचे दोन स्विच आपसांत जोडले जातात, प्रत्येकाची एकच केबल वर जाते आणि वरचे दोन स्विच एकमेकांशी फक्त राउटिंगच्या पातळीवर बोलतात, त्यामुळे आकार इंग्रजी यू अक्षरासारखा उघडा राहतो. यात कोणताही पोर्ट बंद ठेवावा लागत नाही, पण ते व्हीलॅन त्या जोडीबाहेर नेता येत नाही. दुसऱ्या प्रकारात यू उलटा होतो. रॅकवरचे दोन स्विच एकमेकांना जोडलेले नसतात आणि व्हीलॅन वरच्या दोन स्विचमधून एकत्र येते. या उलट्या रचनेतला धोका सूक्ष्म आहे. एका स्विचची वर जाणारी केबल तुटली, तरी सर्व्हरपासून त्या स्विचपर्यंतची केबल जिवंतच असते. सर्व्हरला सारे ठीक दिसते, तो फ्रेम पाठवत राहतो आणि त्या फ्रेम त्या स्विचमध्येच संपतात. यावर उपाय दोन. स्विचवर लिंक-स्टेट ट्रॅकिंग लावले तर वरचा मार्ग गेल्याबरोबर खालचे पोर्टही बंद होतात आणि सर्व्हरला बदल कळतो. नाहीतर बाँडिंगला केबलची स्थिती तपासण्याऐवजी गेटवेच्या (जाळ्याबाहेर नेणाऱ्या राउटरच्या) पत्त्यावर एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणाऱ्या संदेशाने, ठरावीक अंतराने विचारणा करायला सांगता येते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कंपनीच्या दोन रॅकच्या सर्व्हर खोलीत महागड्या स्विचपेक्षा ही एक सेटिंग अधिक मोलाची ठरू शकते, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही केबल एकाच वेळी वापरण्याची इच्छा नव्वदच्या दशकातच बळावली होती. कल्पना या कंपनीने अनेक केबल जोडून एकच केबल असल्याचे भासवणारी इथरचॅनल पद्धत आणली होती. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली, आणि २००० साली ८०२.३एडी या मानकाने एलएसीपीच्या (दोन्ही टोकांनी आपसांत ठरवून केबल एकत्र बांधण्याच्या पद्धतीच्या) रूपात हीच कल्पना सर्वांसाठी खुली केली. एक अट मात्र कायम होती : सर्व केबल दोन्ही टोकांना एकेकाच यंत्रात संपल्या पाहिजेत. म्हणजे सर्व्हरच्या दोन्ही केबल एकाच स्विचवर. तो स्विच बंद पडला की दोन्ही एकदम गेल्या.

ही अट ओलांडण्यासाठी दोन स्विचनी सर्व्हरसमोर एकच असल्याचे दाखवायचे, ही युक्ती पुढे आली. नॉर्टेलची स्प्लिट मल्टी-लिंक ट्रंकिंग २००१ च्या सुमारास आली. पुढे सिस्कोचे व्हीपीसी, अरिस्टाचे एमलॅग आणि इतर कंपन्यांच्या अशाच पद्धती रूढ झाल्या. दोन्ही स्विच एलएसीपीमध्ये एकच ओळख सांगतात, त्यामुळे सर्व्हरला काहीच वेगळे करावे लागत नाही. लूप रोखण्याचे काम इथे एक छोटा नियम करतो : जोडीदाराकडून मधल्या केबलवर आलेली फ्रेम दोन्ही स्विचना जोडलेल्या सर्व्हरच्या पोर्टवर पुन्हा सोडायची नाही, कारण जोडीदाराने ती आधीच पोहोचवलेली असते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मधली केबल तुटली आणि दोन्ही स्विच स्वतःला मुख्य समजू लागले तर गोंधळ होतो, म्हणून वेगळ्या मार्गाने एकमेकांची चौकशी करण्याची सोय ठेवावी लागते आणि गरज पडल्यास एकाने स्वतःचे पोर्ट बंद करून माघार घ्यावी लागते. शिवाय जोडीतले दोन्ही स्विच एकाच कंपनीचे असावे लागतात. २०१४ च्या ८०२.१एएक्समध्ये यासाठी सामाईक मानक आले, पण बाजारात प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत तोवर रुळली होती.

वर्तुळाशी झगडण्याऐवजी राउटिंगला इथरनेटच्या प्रदेशात आणण्याचा विचार पुन्हा पर्लमन यांच्याकडूनच आला. त्यांच्या कल्पनेतून पुढे ट्रिल हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तर आयईईईचे शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग २०१२ मध्ये. दोन्हींचा प्रसार मर्यादितच राहिला. टिकली ती वेगळी जोडी. २०१४ मध्ये दस्तऐवजीकरण झालेले व्हीएक्सलॅन इथरनेटची फ्रेम आयपी पॅकेटमध्ये गुंडाळून नेते, आणि २०१५ मध्ये मानक झालेले ईव्हीपीएन कोणता मॅक पत्ता कुठे आहे हे बीजीपीने, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीने, सर्वांना कळवते. स्विचमधला सगळा मार्ग आयपीचा झाल्यामुळे तिथे आयुष्याचा आकडाही आला आणि सर्व केबल एकाच वेळी वापरण्याची सोयही. सर्व्हरच्या दुहेरी जोडणीला एक सामाईक ओळख क्रमांक दिला जातो, ब्रॉडकास्ट पोहोचवण्यासाठी दोघांपैकी एकच स्विच नेमला जातो, आणि स्विचमध्ये खास मधली केबल लागत नाही. दोनच स्विचची मर्यादाही त्यामुळे गळून पडली.

म्हणून स्पॅनिंग ट्री बंद करून टाकावी, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो स्वीकारण्यासारखा नाही. आभासी यंत्रे चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये लिनक्सचा ब्रिज असतो, त्यातली स्पॅनिंग ट्री मुळात बंद असते, आणि दोन कार्डे बाँड न करता एकाच ब्रिजला जोडली गेली तर तोच सर्व्हर दोन स्विचमध्ये फ्रेम ढकलू लागतो. सर्व्हरच्या पोर्टवर स्विचने पोर्टफास्टसोबत (पोर्ट वाट न पाहता उघडणाऱ्या सेटिंगसोबत) बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की पोर्ट बंद करणारी सेटिंग) लावलेले असले, तर स्विचचा स्वतःचा संदेश त्या सर्व्हरमधून फिरून परत येताच तो पोर्ट बंद होतो आणि गडबड त्या एका रॅकपुरतीच राहते.