वि. म. दांडेकर आणि दारिद्र्याचे मोजमाप

विनायक महादेव दांडेकर (६ जुलै १९२०–३० जुलै १९९५) हे संख्याशास्त्राच्या वाटेने अर्थशास्त्रात आलेले मराठी अभ्यासक. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासामुळे (१९७१) ‘दारिद्र्यरेषा’ ही कल्पना नियोजन आयोगाच्या टिपणांतून बाहेर पडली आणि राजकारणात व वर्तमानपत्रांत रुळली. महाराष्ट्राचा विभागीय अनुशेष आणि देशातील पीक विमा या दोन विषयांतही त्यांनी घालून दिलेली चौकट टिकून राहिली. तिन्ही कामांची रीत एकच आहे. आधी एखादी सरासरी किंवा किमान पातळी ठरवायची आणि मग तिच्याखाली कोण आहे, किती आहे, हे मोजायचे. त्यांच्यावरचे महत्त्वाचे आक्षेपही या सरासरीच्या पोटात काय दडते, यावरूनच घेतले गेले.

दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा. त्यांची हयात जिथे गेली ती पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली, तीही साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. धनंजयराव गाडगीळ हे संस्थेचे पहिले संचालक. गावोगाव पाहणी करायची, आकडे स्वतः गोळा करायचे आणि मगच मत द्यायचे, हा तिथला शिरस्ता गाडगीळांनी घालून दिला होता. दांडेकर त्यात मुरले. कूळकायद्याची अंमलबजावणी, शेतीचे उत्पादन, नमुना पाहणीचे तंत्र असे त्यांचे सुरुवातीचे विषय होते. म. भा. जगताप यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील ग्रामीण समाजरचनेवर मराठीतून लिहिले. गाडगीळांनंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. सडेतोड बोलणे आणि लिहिणे ही त्यांची ख्याती होती. सहमतीसाठी आकडा मऊ करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दारिद्र्याचा आकडा काढण्याचा प्रयत्न त्यांच्या आधीही झाला होता. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच तुरुंगातील कैद्याच्या शिध्याचा खर्च आणि हिंदी माणसाचे दरडोई उत्पन्न शेजारी शेजारी मांडून दाखवले होते. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या एका अभ्यासगटाने १९६०–६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हा किमान खर्च ठरवला. शिक्षण व आरोग्य सरकार पाहील, असे गृहीत धरून ते दोन्ही खर्च त्यातून वगळले होते. या गटात गाडगीळही होते. मात्र २० रुपयेच का, १८ किंवा २५ का नाहीत, याचे पटेल असे विवरण कुठे दिले गेले नाही. पुढच्याच वर्षी राममनोहर लोहियांनी लोकसभेत, सामान्य माणूस ‘रोजच्या तीन आण्यां’वर जगतो, असा आकडा टाकून सरकारला कोंडीत पकडले. म्हणजे वाद होता, मोजपट्टी नव्हती.

दांडेकर आणि रथ यांनी फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने केलेला अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत आला आणि मग पुस्तकरूपाने निघाला. त्यांची युक्ती साधी होती. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांची विभागणी महिन्याच्या दरडोई खर्चाप्रमाणे गटागटांत केलेली असते आणि कोणत्या गटात काय किती खाल्ले जाते, याची नोंद असते. माणशी रोज सरासरी २,२५० उष्मांक (कॅलरी) पुरेसे, असे धरून त्यांनी पाहिले की कोणत्या खर्चगटात ताटातले अन्न त्या पातळीला पोहोचते. १९६०–६१ च्या किमतींनुसार उत्तर आले ते असे : ग्रामीण भागात महिना १५ रुपये, म्हणजे रोजचे ५० पैसे, शहरात महिना २२.५० रुपये, म्हणजे रोजचे ७५ पैसे. शहरी माणसाचे धान्य महाग आणि सरपणही विकतचे, म्हणून तेवढ्याच उष्मांकांना तिथे जास्त पैसे पडतात.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण पुढचे निम्मे गैरसमज तिथूनच निघाले. १५ रुपये ही काही अन्नाची किंमत नव्हे. त्या पातळीवरची माणसे धान्य, मीठमिरची, कपडा, रॉकेल, चहा आणि तंबाखू धरून एकूण जेवढा खर्च करत, ती ही रक्कम. माणसे प्रत्यक्षात जशी जगतात त्यातून ती वाचून काढलेली आहे. तेव्हा तेवढ्या पैशांत घर, औषध आणि मुलांची शाळा भागेल, अशी हमी तिच्यात कुठेच नव्हती.

या मापाने १९६०–६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. त्यानंतरच्या दशकात दरडोई खर्चात झालेली वाढ वर्षाला अर्धा टक्काही भरली नाही आणि तीही बहुतांशी वरच्या थरांच्या पदरात पडली. शहरातला तळचा पाचवा हिस्सा तर आणखी खाली गेला. शहरी दारिद्र्य म्हणजे खेड्यात न मावलेले, उतू जाऊन शहरात आलेले दारिद्र्य, हा त्यांचा निष्कर्ष मुंबईच्या झोपडपट्ट्यांकडे पाहणाऱ्याला वेगळा पटवून द्यावा लागत नाही. अभ्यास छापून येतो न येतो तोच मार्च १९७१ ची लोकसभा निवडणूक ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर लढवली गेली. त्या काळात या प्रबंधाची चर्चा विद्यापीठांच्या भिंतींबाहेर झाली, ती या मुहूर्तामुळेही.

उपायांच्या बाबतीत दोघांनी डाव्यांना नाराज केले आणि उजव्यांनाही. जमिनीच्या फेरवाटपाने प्रश्न सुटेल, हे त्यांनी मान्य केले नाही. जमीन मुळात पुरणार नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. त्यांचा भर होता सार्वजनिक कामांवर : काम मागेल त्याला किमान मजुरीवर काम, आणि त्यासाठीचा पैसा वरच्यांकडून. सर्वांत श्रीमंत ५ टक्क्यांच्या खर्चाला १५ टक्के आणि त्यांच्याखालच्या ५ टक्क्यांच्या खर्चाला साडेसात टक्के कात्री लावावी, अशी ठोस सूचना त्यांनी केली. इतकी स्पष्ट मागणी कोणत्याच सरकारने उचलली नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या अभ्यासातून जन्मली, असे कधी कधी लिहिले जाते; ते खरे नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ मध्येच तिचा प्रयोग केला होता आणि १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यभर पसरवले. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध ही दुष्काळी कामे आणि मुकादमाच्या हातातले हजेरीपट ग्रामीण महाराष्ट्राच्या एका पिढीच्या आठवणीत पक्के बसले आहेत. कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दांडेकर-रथांनी या कल्पनेला राष्ट्रीय पातळीवर आकड्यांचे बळ दिले, एवढे मात्र निश्चित. पैसा उभारण्याचा त्यांचा विचारही इथे लहान प्रमाणावर दिसतो. नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची (फेब्रुवारीत ३००) व्यवसाय कराची जी वजावट असते, तो कर १९७५ मध्ये या योजनेसाठीच बसवला गेला. रथ पुढेही या भूमिकेवर ठाम राहिले. गरिबाला कर्जाने म्हैस किंवा शेळ्या देणारा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात असताना, १९८५ मध्ये, फार थोडी कुटुंबे त्यातून खरोखर वर येतील असे त्यांनी लिहिले आणि मजुरीच्या कामाची बाजू पुन्हा मांडली.

या मोजपट्टीला सर्वांत जड आव्हान आले ते पुण्यातूनच. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, तेही संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहून ते निवृत्तीनंतर पुण्यात आले होते. त्यांचे म्हणणे असे : निरोगी माणसाचे खाणेही दर दिवशी, दर आठवड्याला कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत त्याच्याशी जुळवून घेते. मग सरासरी गरज हीच किमान गरज मानली, तर धडधाकट माणसेही कुपोषितांत मोजली जातील. रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. शिवाय पिण्याचे पाणी घाण असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून नुसते धान्य वाढवून भागणार नाही. दांडेकरांनी १९८१–८२ मध्ये त्याला उत्तर दिले. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. उष्मांक हे फक्त खूण म्हणून वापरलेले माप आहे. ज्याला पुरेसे विकत घेता येत नाही तो गरीब, मग त्याचे शरीर कमी अन्नावर तगून राहो वा न राहो. स्वच्छ पाण्याबाबत सुखात्म्यांचे म्हणणे काळाने खरे ठरवले. पण उपाशी राहण्याची सवय झालेल्याला ‘जुळवून घेतलेला’ म्हणणे हे संख्याशास्त्र असेल, धोरण होऊ शकत नाही. त्या बाबतीत दांडेकरांचे पारडे जड वाटते.

दांडेकरांनी देशाचे चित्र काढण्यासाठी आखलेली रेषा पुढे एकेका कुटुंबावर लावली गेली, आणि तिथे तिचा स्वभाव बदलला. १९९७ पासून रेशनवरचे स्वस्त धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वेगळ्या दराने मिळू लागले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या : वर्षाचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर शुभ्र. पिवळ्या कार्डासाठी घरात दूरध्वनी किंवा चारचाकी नको, अशाही अटी होत्या. २००२ च्या पाहणीत तर १३ प्रश्नांना गुण देऊन एकूण ५२ पैकी कुटुंबाची जागा ठरवली गेली. नमुना पाहणीतली रेषा हा अंदाज असतो. तहसील कचेरीत तीच रेषा दाखला देणारी किंवा नाकारणारी भिंत झाली. ‘बीपीएलमध्ये नाव आहे का?’ हा गावातला प्रश्न पोटाइतकाच ओळखीपाळखीचाही होता.

दांडेकरांची सरासरी वापरण्याची रीत इतरत्रही गेली. १९८३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. सिंचन, रस्ते, वीज यांसारख्या बाबतींत राज्याची सरासरी काढून प्रत्येक जिल्हा तिच्या किती मागे आहे, ते समितीने पैशांत मोजले. तो अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये भरला. विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणात हा शब्द आणि हा आकडा अनेक वर्षे वाजत राहिला. जिल्हा हा एकक धरल्याने पुढारलेल्या जिल्ह्यातले कोरडे तालुके हिशेबाबाहेर राहतात, ही तक्रारही तेव्हापासूनची.

पीक विम्यातही तेच. शेतकऱ्याच्या एकेका शेताची पाहणी करून भरपाई ठरवणे अशक्य आहे, म्हणून ठरावीक क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरून ती ठरवावी, अशी मांडणी त्यांनी १९७० च्या दशकात केली. १९७९ चा प्रायोगिक विमा आणि १९८५ ची सर्वंकष योजना याच तत्त्वावर बेतलेल्या होत्या आणि प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही ते राहिले. महाराष्ट्रात मुख्य पिकांसाठी हे क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ, काही गावांचा मिळून एक गट. माझे सोयाबीन गेले पण मंडळाची सरासरी ठीक निघाली, म्हणून रुपया मिळाला नाही, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते.

दांडेकरांनी ‘इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ ही संस्था उभारली आणि उत्तरायुष्यात, १९८९ पासून, तिचे नियतकालिक चालवले. त्यांच्या हयातीतच रेषेचे माप दोनदा बदलले. १९७९ मध्ये उष्मांक ग्रामीण २,४०० व शहरी २,१०० असे झाले आणि १९९३ मध्ये लकडावाला समितीने प्रत्येक राज्याची रेषा वेगळी केली. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडला. त्या पद्धतीवरचे शहरात रोज ३२ रुपये आणि गावात २६ रुपये हे आकडे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर झाले, तेव्हा देशभर हसे झाले. रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा वर सरकवली, उष्मांकही परत आणले. तिचा अहवाल मात्र सरकारने स्वीकारला नाही. त्यामुळे खर्चावर आधारलेला शेवटचा अधिकृत अंदाज २०११–१२ चाच आहे : २१.९ टक्के. नीती आयोग आता बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वापरतो. त्यात पोषण, शाळा, संडास, स्वयंपाकाचे इंधन, बँक खाते अशी बारा मापे आहेत. माणूस महिन्याला किती खर्च करतो, हे त्यात नाही.