रायतूर ते केडगाव: मराठीतील ख्रिस्ती प्रभावाची पार्श्वभूमी

मराठी भाषकांमध्ये ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण नेहमीच अल्प राहिले आहे. तरीही मराठी मुद्रण, शिक्षण, नियतकालिके, कादंबरी आणि आत्मचरित्र यांचा इतिहास लिहिताना मिशनरी आणि धर्मांतरित लेखक यांना वगळून पुढे जाता येत नाही. या प्रभावाचे मोजमाप बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांवरून केले तर तो क्षुल्लक वाटेल. जे ख्रिस्ती झाले त्यांच्याइतकाच, किंबहुना काहीसा अधिक, तो अशा लोकांवर पडला ज्यांनी धर्म सोडला नाही, परंतु ज्यांना मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देणे भाग पडले.

या कथेचा आरंभ गोव्यात होतो आणि तो सुखद नाही. पोर्तुगीज अमलाखालील साष्टी प्रांतातील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली आणि जुन्या धर्मग्रंथांवरही बंदी आली. 1579 मध्ये गोव्यात उतरलेला फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा इंग्रज सदस्य याच साष्टीत धर्मोपदेशक म्हणून राहिला. नवख्रिस्ती लोकांना मराठी पुराणांची सवय होती आणि ती पुराणे त्यांच्या हातून काढून घेतली गेली होती. ही पोकळी भरून काढण्यासाठी त्याने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘ओं नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था’ अशा नमनाने उघडतो. बायबलमधील कथा सांगताना कवी श्रोत्यांच्या शंका मध्येच उपस्थित करतो आणि पुराणिकाच्या थाटात त्यांचे निरसन करतो. मोगरा, कस्तुरी यांच्या उपमा देऊन त्याने केलेली मराठीची स्तुती शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या सत्तेच्या छायेत ती लिहिली गेली, तिने 1684 मध्ये फर्मान काढून स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत बंद करण्याचा हुकूम दिला, हे त्या स्तुतीशेजारी क्वचितच सांगितले जाते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांच्या रूपाने तो जपला, आणि 1907 मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनावर त्याचा प्रत्यक्ष प्रभाव शोधण्यात फारसा अर्थ नाही. मधला धागा तुटलेलाच होता.

दुसरा अध्याय 1813 मध्ये मुंबईत सुरू झाला, जेव्हा गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी तेथे पोहोचले. कंपनी सरकारला मिशनऱ्यांविषयी प्रेम नव्हते. प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ झाल्यास राज्याला धोका होईल, ही भीती अधिकाऱ्यांना होती. मिशनने छापखाना आणि मराठी शाळा काढल्या, पुढे अहमदनगरला केंद्र उभारले आणि 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. धर्मप्रचार, भूगोल, विज्ञान आणि हिंदू चालीरीतींवरील टीका हे सारे त्यात एकत्र येई. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि थोड्याच काळात शास्त्री मंडळींशी जाहीर वाद घालू लागले. वादपद्धती येथे नवी नव्हती. नवा होता तो छापील वाद, जो सभा संपल्यावरही घरोघर वाचला जाई.

1843 च्या एका प्रकरणावरून या दबावाची कल्पना येते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. श्रीपतला परत आणल्यावर त्याला जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठी फूट पडली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहून त्याला शुद्ध करून घेतले आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. बाप्तिस्मा एकाचा झाला, परंतु आपल्या शास्त्रात सवलत आहे काय, हा प्रश्न साऱ्या समाजाला स्वतःलाच विचारावा लागला. पुढे 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी हिंदू धर्माच्या बाजूने मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. परमहंस सभा ही सुधारकांची गुप्त संघटना आणि 1867 मध्ये स्थापन झालेला प्रार्थना समाज यांनी एकेश्वरवाद स्वीकारला, सामुदायिक उपासनेचा घाट उचलला, परंतु बायबल आणि बाप्तिस्मा दूर ठेवून तुकारामाचे अभंग जवळ केले.

जोतीराव फुले यांनी या संपर्काचा वेगळाच उपयोग करून घेतला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले होते आणि अहमदनगरला मिस सिंथिया फरार चालवीत असलेली मुलींची शाळा पाहिल्यानंतर 1848 मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची शाळा काढली. मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याची त्यांनी मोकळेपणाने प्रशंसा केली, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. ‘गुलामगिरी’मध्ये त्यांनी येशूला दुसरा बळीराजा म्हटले आहे. शेतकऱ्याच्या घरी ज्या राजाचे राज्य येवो असे म्हणतात, त्याच्या पंगतीला येशूला बसविण्याचे हे धाडस कोणत्याही मिशनऱ्याच्या कल्पनेत बसणारे नव्हते.

साहित्यात या काळाचे पहिले ठळक फळ म्हणजे ख्रिस्ती झालेले लेखक बाबा पदमनजी यांची 1857 मधील ‘यमुनापर्यटन’. ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. यमुना पतीसह प्रवास करताना ठिकठिकाणी विधवांची दैना पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, हे मान्य करावेच लागेल. मात्र केशवपनाच्या आणि घरातील छळाच्या प्रसंगांतील तपशील उपदेशाच्या पलीकडे जाऊन आजही अस्वस्थ करतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा मिशनच्या उपासनेत परक्या वळणाच्या चालींचा बराच भरणा होता. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली, कारण ख्रिस्ताला मानणारा माणूस मिशनच्या कारभारात बसलाच पाहिजे, हे त्यांना पटेनासे झाले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ तर धर्मप्रसाराचे कोणतेही ओझे न घेता उभी राहतात. सोवळ्याओवळ्यात वाढलेली एक स्त्री कोणाच्याही हातचे खाण्यापर्यंत कशी येते, हे त्यांनी इतक्या विनोदाने सांगितले आहे, की धर्मांतराच्या प्रश्नावरील अनेक निबंध त्यापुढे कोरडे वाटतात.

पंडिता रमाबाई यांच्या वाट्याला मात्र दोन्हीकडचा अविश्वास आला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांशी सिद्धान्तांवरून तीव्र मतभेद नोंदविले. 1889 मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय पुण्यास आल्यावर तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, या आरोपावरून 1893 मध्ये ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. रमाबाई पुण्याजवळच्या केडगावला गेल्या. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात आणले, तेथे छापखाना उभारला आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत स्वतंत्र भाषांतर केले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम तेथील स्त्रियांनीच केले. रमाबाईंचे 1922 मध्ये निधन झाले आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.