इन्सुलिन रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडे

इन्सुलिनचा निरोप पेशीबाहेर स्वीकारून आत पोहोचवणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे इन्सुलिन रिसेप्टरला, ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे. प्रयोगशाळेत ती रिसेप्टर शोधण्यासाठी, मोजण्यासाठी, पेशींच्या अर्कातून वेगळा काढण्यासाठी आणि तो इन्सुलिनने जागा झाला आहे का हे पाहण्यासाठी वापरतात. रिसेप्टरमध्ये दोन आल्फा साखळ्या (प्रत्येकी सुमारे १३५ किलोडाल्टन; हे प्रथिनांचे वजन मोजायचे एकक) पूर्णपणे पेशीबाहेर असतात आणि दोन बीटा साखळ्या (सुमारे ९५ किलोडाल्टन) पेशीच्या पटलातून आरपार गेलेल्या असतात, त्यांची शेपटी पेशीच्या आत असते. त्यामुळे जिवंत पेशीवर वापरायचे प्रतिपिंड बाहेरच्या भागाला धरणारेच लागते. बीटाच्या शेपटीला धरणारे प्रतिपिंड पेशी फोडल्याशिवाय उपयोगी पडत नाही.

यातली पहिली प्रतिपिंडे कोणी मुद्दाम बनवली नव्हती, ती रुग्णांच्या रक्तात सापडली. इन्सुलिनची प्रचंड मात्रा देऊनही साखर न उतरणारे आणि मानेवरची, काखेतली त्वचा काळी व जाड झालेले काही रुग्ण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आले होते. त्यांच्या सीरममधील प्रतिपिंडे रिसेप्टरवर बसून इन्सुलिनची वाट अडवतात, हे जेफ्री फ्लायर, रोनाल्ड कान, जेसी रॉथ आदींनी १९७५ मध्ये दाखवले. पुढे कित्येक वर्षे हेच सीरम रिसेप्टर गाळून काढण्याचे हत्यार होते.

गंमत अशी की इन्सुलिनला अडवणारी हीच प्रतिपिंडे पेशींवर थोडा वेळ ठेवली तर स्वतःच इन्सुलिनसारखे काम करू लागत. उलगडा १९७८ मध्ये झाला. इंग्रजी वायच्या आकाराच्या प्रतिपिंडाचा एकच हात तोडून वापरला, तर तो इन्सुलिनला अडवी, पण पेशीला जागे करीत नसे. अशा दोन हातांना बांधणारे दुसरे प्रतिपिंड वर टाकले की परिणाम परत येई. म्हणजे रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जाणे महत्त्वाचे होते. प्रतिपिंड हे निव्वळ लेबल नव्हे, हे या क्षेत्रात इतक्या लवकर कळले ते बरे झाले.

रुग्णाचे सीरम संपणारे, शिवाय मिश्र. हायब्रिडोमा तंत्रामुळे (प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून अखंड वाढणारी पेशी मिळवण्याची पद्धत) उंदरात तयार केलेली एकजिनसी, म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंडे १९८२ पासून मिळू लागली. केंब्रिजमध्ये केन सिडल यांच्या गटाने १९८६ मध्ये वर्णन केलेल्या संचातील ८३-७ आणि ८३-१४ ही दोन विशेष गाजली. रिसेप्टरच्या बाह्यभागाची २००६ मधील स्फटिकरचना याच दोघांचे तुकडे जोडून मिळवली गेली.

रोजच्या कामात मात्र सर्वाधिक दिसतो तो वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिने वजनानुसार जेलवर वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि हवे ते प्रतिपिंडाने पट्ट्याच्या रूपात दाखवायचे. शेजारी शेजारी दोन लेन, एक बिनइन्सुलिनची, एक इन्सुलिन दिलेली. बीटाविरोधी प्रतिपिंडाने दोन्हीकडे ९५ किलोडाल्टनच्या आसपास सारखाच पट्टा यावा. इन्सुलिनने जागा झालेल्या रिसेप्टरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लागते; असे टायरोसिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने (फॉस्फो-प्रतिपिंडाने) पट्टा फक्त दुसऱ्या लेनमध्ये. वर सुमारे २०० पाशी दिसणारा फिकट पट्टा हा दोष नसून आल्फा आणि बीटा असा अजून न कापलेला पूर्वरिसेप्टर असतो.

खरी डोकेदुखी नावांची. साखळीतल्या क्रमांकावरून एकाच टायरोसिनला कुठे ११५०, कुठे ११६२, तर कुठे ११८९ म्हणतात. रिसेप्टरच्या दोन रूपांत बारा अमिनो आम्लांचा फरक आहे आणि सुरुवातीची, नंतर कापून टाकली जाणारी सत्तावीस आम्लांची संकेतसाखळी कोणी मोजतो, कोणी नाही. शिवाय हा भाग आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा एक वाढघटक) याच्या रिसेप्टरमध्येही जवळजवळ तसाच असल्याने फॉस्फो-प्रतिपिंडे बहुधा दोघांना ओळखतात. या दोन रिसेप्टरांचे अर्धे-अर्धे भाग मिळून झालेल्या संकरित जोड्याही पेशीत असतात. म्हणून आधी नेमक्या रिसेप्टरच्या प्रतिपिंडाने तो वेगळा काढून मग फॉस्फेट तपासणे शहाणपणाचे. आणि मानवी रिसेप्टर टोचून उंदरात बनवलेली बरीच प्रतिपिंडे उंदराच्या स्वतःच्या रिसेप्टरला ओळखत नाहीत. उंदराच्या चरबीपेशींवर ती वापरली, तर कोऱ्या ब्लॉटवरून रिसेप्टरच नाही असे वाटायचे.