व्हाइटवॉटर पार्क

व्हाइटवॉटर पार्क : नदीच्या पात्रात किंवा काठालगत काढलेल्या पाटात उतार मोजक्या ठिकाणी एकवटून कयाक व कनू (वल्ह्याने चालवायच्या लहान होड्या) आणि राफ्ट (फुगवलेले तराफे) यांसाठी निर्माण केलेला कृत्रिम द्रुतवाह, म्हणजे वेगाने उसळत जाणारा प्रवाह. पंपांनी पाणी फिरवणारे बंदिस्त मार्ग (ऑस्ट्रेलियातील पेनरिथ, इंग्लंडमधील ली व्हॅली) याच कुळातले असले, तरी येथे मुख्यतः नदीवर अवलंबून असलेल्या उद्यानांचा विचार केला आहे.

उगम : कनू स्लॅलमची (टांगलेल्या फाटकांमधून होडी नेण्याच्या शर्यतीची) पहिली स्पर्धा स्वित्झर्लंडमधील हालव्हील सरोवरावर झाली असे मानतात. साल कोठे १९३२, तर कोठे १९३३ दिलेले आढळते. ती संथ पाण्यावरची शर्यत होती. पहिल्या कृत्रिम मार्गाचा मान बहुधा जर्मनीतील ऑग्सबुर्गच्या आइसकनालला दिला जातो. लेख या नदीवरील होखआब्लास बंधाऱ्याजवळचा हा पाट मुळात हिवाळ्यात वाहून येणारा बर्फ जलयंत्रांपासून दूर वळवण्यासाठी होता. नावही त्यावरूनच पडले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी त्याची काँक्रीटमध्ये पुनर्रचना झाली. पाट जुना आणि उपयोग नवा असल्यामुळे ‘ऑलिंपिक स्पर्धेसाठी घडवलेला पहिला मार्ग’ एवढेच म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. पूर्व जर्मनीने त्स्विकाऊ येथे त्याची प्रतिकृती उभारून सराव केला आणि स्लॅलमची चारही सुवर्णपदके जिंकली. अमेरिकेत साउथ बेंडचा ईस्ट रेस (१९८४) वळणपाटाचा (नदीचे पाणी काठालगत वळवणाऱ्या पाटाचा), तर डेन्व्हरचा कॉन्फ्लुअन्स पार्क (१९७० चे दशक) पात्रातील रचनेचा आरंभीचा नमुना आहे.

जागा : वळणपाट जुन्या बंधाऱ्याच्या पडीवर बेततात. मुखाशी दरवाजा व ओंडके अडवणारी जाळी असते. दरवाजा लावून पाट कोरडा करता येतो, हा दुरुस्तीच्या दृष्टीने मोठा फायदा. पात्रातील रचना स्वस्त, पण प्रत्येक पूर तिच्यावरूनच जातो. हौशी मार्गाला सुमारे ०.५ ते १ टक्का उतार पुरतो, स्पर्धेला १.५ ते २ टक्के लागतो. पेनरिथमध्ये ३२० मी. लांबीत ५.५ मी. पडी आहे.

जलगतिकी : उंबऱ्याशी (पात्रात आडव्या घातलेल्या कडेशी) पात्र आवळले की पाणी उथळ व वेगवान होते आणि खालच्या संथ पाण्याला भिडताच उसळते. अभियंते या उसळीला हायड्रॉलिक जंप म्हणतात. अर्धा मीटर खोलीच्या प्रवाहाचा फ्रूड अंक (प्रवाहाचा वेग आणि त्या खोलीवरील लाटेचा वेग यांचे गुणोत्तर) २ असेल, तर वेग सेकंदाला सुमारे ४.४ मी. असतो आणि उसळी जागेवर टिकण्यासाठी खालची खोली १.२ मी.च्या आसपास लागते. खोली कमी पडली तर उसळी खाली ढकलली जाते. ती बरीच वाढली, तर उसळी बुडते आणि पृष्ठावरचे पाणी उलटे, बंधाऱ्याकडे वाहू लागते. काठापासून काठापर्यंत एकसारखी कड असलेले बुटके बंधारे प्राणघातक ठरतात ते यामुळेच. वरून ते निरुपद्रवी दिसतात, हा त्यांचा खरा दोष. म्हणून कड मध्यभागी खोलगट ठेवतात आणि उसळीची टोके प्रवाहाच्या दिशेने वळवतात. अडकलेला पोहणारा मग बाजूने सुटतो. टोके उलट दिशेला वळली तर पाणी त्याला पुन्हा मध्यात ओढते.

विसर्ग (सेकंदाला वाहणारे पाणी) बदलला की खालची पातळीही बदलते. सेकंदाला ८ घ.मी.ला उत्तम असलेली लाट २० ला बुडू शकते. त्यामुळे एकाच विसर्गावर संकल्पन करू नये. संकल्पन तपासण्यासाठी केलेल्या १:१० प्रमाणाच्या लहान प्रतिमानात विसर्ग सुमारे ३१६ पटींनी घटतो, म्हणजे १० घ.मी.साठी सेकंदाला ३२ लिटर पुरतात.

बांधकाम : कमी पाण्याच्या हंगामात तात्पुरता बांध घालून निम्मे पात्र कोरडे करतात. कडेखाली कटऑफ भिंत (खालून झिरपणारे पाणी अडवणारी खोल भिंत), तिच्या मागेपुढे गाळणथर, त्यावर एकमेकांत बसवलेले धोंडे, असा क्रम असतो. भिंत काठात पुरेशी आत नेली नाही, तर पूर टोकाला वळसा घालून काठच कापतो. धोंड्यांमधील फटी ग्राउटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) भरतात. फटीत पाय अडकला आणि प्रवाहाने माणसाला पुढे लोटले, तर छातीभर पाण्यातही तो बुडतो. याच कारणाने उघडी सळई वा खालून पोकळ खडक चालत नाही. शेवटच्या टप्प्याखाली पिचिंग (तळावरची दगडी फरसबंदी) तोकडे असले, की तळ खरवडला जाऊन रचना मागून ढासळते. कडेखालून पाणी झिरपत वाळू नेऊ लागले, तर धोंडे खचतात. दोन टप्प्यांमधील डोह गाळाने भरले, तर खालची खोली बिघडते आणि लाट हरवते.

मासे व पाणीहक्क : अरुंद घळीतील सलग वेग माशांना, विशेषतः लहान माशांना, वर चढू देत नाही. त्यासाठी कडेने खडबडीत, मंद प्रवाहाची वाट सोडतात. कोलोरॅडोत २००१ च्या कायद्याने क्रीडेसाठी पात्रात पाणी राखण्याचा हक्क ठरावीक सार्वजनिक संस्थांनाच मिळू शकतो.