शोपाँची गाणी वेगळी, मझुर्कांवरची गाणी वेगळी

शोपाँ हा मुख्यतः पियानोसाठी लिहिणारा पोलिश संगीतकार, आणि त्याची मझुर्का म्हणजे तीन मात्रांच्या पोलिश नाचावर बेतलेली पियानोची रचना. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘शोपाँचं गाणं’ छापलेलं असतं आणि समोर ऐकू येते ती शब्द चढवलेली मझुर्का. उलटही घडतं: त्याच्या खऱ्या पोलिश गाण्याला पियानोच्या रचनेचं रूपांतर समजलं जातं.

आधी दोन्हींतला फरक थोडक्यात. पोलिश कवितांना त्याने स्वतः चाली दिल्या. 1849 मध्ये तो गेल्यावर मित्र फोन्तानाने त्या ओपस (प्रकाशित रचनांचा क्रमांक) 74 म्हणून छापल्या. मझुर्कांची गाणी केली ती गायिका पोलीन व्हियार्दो यांनी: बारा मझुर्का, लुई पोमे यांचे फ्रेंच शब्द. त्यातल्या काही शोपाँच्या हयातीतच गायल्या गेल्या. 7 जुलै 1848 ला लंडनमध्ये त्याच्याच मैफलीत व्हियार्दो गायल्या होत्या. पियानोवादक-संगीतकार लिस्टने ओपस 74 मधली सहा गाणी पियानोवर आणली, तो उलट दिशेचा प्रवास. त्याला इथे ओढू नये.

गोंधळ होतो तो ‘झिचेन्ये’सारख्या गाण्यामुळे. ते शोपाँने कवितेवरच रचलं, पण त्याचा ताल मझुर्काचा आहे. म्हणून तालावरून ओळखायला जाऊ नका; शब्द आधी होते की चाल, ते पाहा. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून मूळ चीज दिलेली असते, ती सवय इथे कामी येते. ‘झिचेन्ये’त बहुतेक अक्षराला एकच स्वर आहे, दोन्ही कडव्यांना तीच चाल आहे आणि मध्ये पियानो एकटा वाजतो. मझुर्कात मात्र सूर उजव्या हाताच्या बोटांसाठी लिहिलेला असतो. बोटांना दम घ्यावा लागत नाही आणि व्यंजनं उच्चारावी लागत नाहीत.

मझुर्कावर स्वतः शब्द बसवताना बहुतेक जण अडखळतात ते आघातावर. मझुर्काच्या तीन मात्रांत पहिली बहुधा दोन तुकड्यांत मोडते आणि जोर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो. म्हणजे दोन आखूड अक्षरं, मग दोन लांब. मराठीत ‘फुलुनी ये’ अगदी नेमकं बसतं: फु-लु पहिल्या मात्रेत, नी दुसरीवर, ये तिसरीवर. ‘आली कळी’ घातलं की ‘आ’ आणि ‘ली’ दोन्ही पहिल्या मात्रेत चिरडतात आणि ‘क’ उगाच ताणला जातो. वाल्ट्झ (हाही तीन मात्रांचाच नाच) समजून पहिल्या मात्रेवर जोर दिला, तर मझुर्का उरतच नाही. खटक्याच्या छोट्या स्वरांवर स्वतंत्र अक्षर कधीही देऊ नये. तो अलंकार ज्या स्वराला लागलेला आहे, त्याचंच अक्षर त्याला पुरे.

दमाचा हिशेब आधीच करावा. ओपस 9 क्र. 2 या नॉक्टर्नला (रात्रीच्या भावाची संथ पियानो रचना) शोपाँने मिनिटाला 132 आठवांश स्वरांची गती दिली आहे. एका मापात (तालाच्या एका घरात) असे बारा स्वर, म्हणजे दोन मापं सुमारे 11 सेकंदांत होतात आणि चार मापं 22 सेकंदांत. दोन मापांनंतर श्वासाची जागा शब्दांनीच द्यावी लागते. वाक्य पुढे वाहत नेलं तर गायक शब्दाच्या मध्येच तुटतो. मझुर्का या कामाला नॉक्टर्नपेक्षा कितीतरी बरी, कारण तिची वाक्यं आखूड असतात.

पट्टी बदलायला संकोच नको. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर आधी लिहून काढा. अंतर दीड सप्तकाच्या पुढे गेलं तर दुसरी रचना घ्या. वरच्या टोकाला ‘ई’ नको, ‘आ’ किंवा ‘ओ’ ठेवा. मुखपृष्ठावरच्या क्रमांकावर विसंबू नका: ओपस 33 मधली डी मेजर मझुर्का कुठे क्र. 2 असते, कुठे क्र. 3.

आणि सूर गायकाच्या हाती दिल्यावर तो पियानोच्या उजव्या हातातून काढून टाका. दोघांनी अखंड एकच सूर धरला की शोपाँची लय पुढेमागे खेळवण्याची जागाच संपते. उजव्या हाताला मधले स्वर द्या, आणि सूर परत आणायचाच असेल तर गायक थांबतो तेवढ्यापुरताच.